उघडली खरी, पण वाचता येईना

प्रश्न : आमच्या सार्वजनिक गणेशोत्सव मंडळाचे जुने अहवाल आणि स्मरणिका आम्ही एकत्र करतो आहोत. काही वर्षांच्या छापील प्रती आहेत, काही पावसाच्या पाण्यात गेल्या. १९९६ ते २००७ या वर्षांचा मजकूर सीडींवर आणि थोडा फ्लॉपींवर आहे. ज्या डीटीपीवाल्याकडे हे काम व्हायचं, त्याचं दुकान बंद झालं. सीडीतल्या काही फाइल वर्डमध्ये उघडल्या, पण पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसला. काही उघडतच नाहीत. या फाइल खराब झाल्या असं समजायचं का? – एक कार्यकर्ता, लालबाग

उत्तर : नाही. निदान ज्या उघडल्या, त्या तरी खराब झालेल्या नाहीत. परिच्छेद जागच्या जागी आहेत, शीर्षकं मोठ्या अक्षरांत दिसताहेत, याचा अर्थ वर्डने फाइल पूर्ण वाचली. हरवला आहे तो फाँट. फाँट हरवल्यावर मराठी मजकूर इंग्रजी का दिसू लागतो, हे कळलं की पुढचं काम बरंच सोपं होतं, म्हणून ते सविस्तर सांगतो.

पण आधी एक विनंती. अशी फाइल उघडल्यावर काही म्हणजे काही सेव्ह करू नका. सीडीवरच्या सगळ्या फाइल जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये उतरवा, त्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर बाजूला ठेवा आणि जे प्रयोग करायचे ते तिसऱ्या प्रतीवर करा. नेहमी घडतं ते असं : मदतीला आलेला मुलगा उत्साहाने सगळा मजकूर निवडतो, फाँट बदलून 'मंगल' करतो, तरीही मराठी दिसत नाही म्हणून फाइल बंद करतो आणि बंद करताना 'सेव्ह'ला हो म्हणतो. अक्षरं होती तशीच राहतात, पण मूळ फाँट कोणता होता ही खूण कायमची पुसली जाते. त्या फाइलला वाचवायला तीच खूण सर्वांत मोलाची असते.

आता कारण. १९९०च्या दशकात आपण वापरायचो त्या सॉफ्टवेअरमध्ये एका अक्षराला एक बाइट मिळायचा आणि एका बाइटमध्ये २५६ वेगवेगळे क्रमांक मावतात. त्यातला पहिला अर्धा भाग इंग्रजीने घेतलेला, उरलेल्या अर्ध्यात युरोपातल्या भाषांची टोप्या-टिंबांची अक्षरं. मराठीला स्वतःची जागा नव्हती. आपल्याकडे मानक ठरलंच नव्हतं असं मात्र नाही. 'इस्की' हे भारतीय लिपींचं मानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली स्वीकारलं होतं आणि पुण्याच्या सी-डॅकचं 'जिस्ट' तंत्र त्यावर चालायचं. त्यात 'क' म्हणजे 'क', मग तो कोणत्याही वळणाचा छापा. पण डीटीपीच्या दुकानांत काम चालायचं ते पेजमेकरवर. पेजमेकरला भारतीय लिपी कशी चालते याचा पत्ता नव्हता. त्याला फक्त फाँट कळायचा. मग फाँट बनवणाऱ्यांनी युक्ती केली. जिथे रोमन अक्षरं असायची, त्याच क्रमांकांवर त्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले.

ही युक्ती गिरगावच्या छापखान्यात काम केलेल्या कुणालाही लगेच समजेल. जावजी दादाजींनी १८६९ साली सुरू केलेल्या निर्णयसागरसारख्या छापखान्यात जुळाऱ्यासमोर शिशाच्या खिळ्यांची केस असायची. तिच्या खणांत अर्धा म, काना, वेलांटी, रफार असे तुकडे वेगवेगळे ठेवलेले असत आणि जुळारी ते एकेक उचलून शब्द उभा करी. डीटीपीचा फाँट म्हणजे अशीच एक केस. फरक इतकाच की कोणता तुकडा कितव्या खणात ठेवायचा, हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलं. पुण्याच्या मॉड्युलरच्या श्रीलिपीची मांडणी वेगळी, आकृतीची वेगळी, कृतिदेवची वेगळी, शिवाजीची वेगळी, सी-डॅकच्या 'सुरेख' आणि 'योगेश' या फाँटची आणखी वेगळी. आणि फाइलमध्ये साठवला गेला तो नुसता खणाचा क्रमांक. केस समोर असली तर त्या क्रमांकांतून मराठी शब्द उभा राहतो. केस नसली तर संगणक त्या क्रमांकाची मूळची रोमन अक्षरं दाखवतो. तुम्हाला दिसलेला काला हा असा आहे.

उदाहरणच घ्या. कृतिदेवमध्ये 'मराठी' लिहिलं की फाइलमध्ये इ, जे, के, मोठा बी आणि एच ही पाच रोमन अक्षरं पडतात : इ म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, मोठा बी म्हणजे ठ आणि एच म्हणजे दीर्घ वेलांटी. श्रीलिपीत हाच शब्द सुरू होतो तो खालच्या आडव्या रेघेने, इंग्रजीत जिला अंडरस्कोर म्हणतात. तिथे म त्या रेघेवर बसवला आहे, र 'ए'वर आणि काना 'एम'वर.

यातूनच फाँट ओळखायची एक चांगली वाट निघते : काना शोधा. मराठीत काना पावलोपावली येतो. शिवाय यांतल्या काही फाँटमध्ये ध, ख यांसारख्या कित्येक अक्षरांची उभी दांडीही कान्याचाच तुकडा वापरून काढलेली असते. त्यामुळे काल्यात जे रोमन अक्षर सर्वांत जास्त वेळा दिसेल, तो बहुधा काना. सगळीकडे 'के' पसरलेला दिसला तर कृतिदेवच्या घराण्याचा संशय घ्या. 'एम' आणि अधूनमधून अंडरस्कोर दिसले तर श्रीलिपी. डोक्यावर तिरकी रेघ असलेला मोठा 'इ' पानभर दिसला आणि बाकीचीही अक्षरं टोप्या-टिंबांची असली, तर तो सी-डॅकच्या द्वैभाषिक फाँटपैकी एक. त्या फाँटमध्ये इंग्रजी आपल्या जागी राहू देऊन मराठी वरच्या अर्ध्या भागात बसवलेली असते. म्हणून अशा फाइलमधली इंग्रजी नावं आणि फोन नंबर आजही व्यवस्थित वाचता येतात.

अर्थात बहुतेक वेळा इतकी टेहळणी करावी लागत नाही, कारण फाइलनेच फाँटचं नाव धरून ठेवलेलं असतं. वर्डमध्ये काल्यातल्या एखाद्या शब्दावर कर्सर ठेवा आणि वरच्या फाँटच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. फाँट तुमच्या संगणकावर नसला तरी नाव तिथे दिसतं. 'श्री-देव' आणि पुढे आकडा असेल तर श्रीलिपी. 'डीव्हीबी-टीटी' अशी सुरुवात असेल तर सी-डॅक. लिबरऑफिसमध्ये उघडली तर संगणकावर नसलेल्या फाँटचं नाव तिरप्या अक्षरांत येतं. हे नाव वहीत लिहून घ्या, प्रत्येक फाइलसमोर. एकाच स्मरणिकेत शीर्षकाला एक फाँट, मजकुराला दुसरा आणि चौकटीतल्या मजकुराला तिसरा, हे त्या काळात सर्रास होतं.

मग फाँट मिळवायचा. आधी तुमच्या त्याच सीडीत शोधा. छपाईला फाइल पाठवताना प्रेसमध्ये अडू नये म्हणून डीटीपीवाले पुष्कळदा फाँटही सोबत टाकत; 'फाँट्स' नावाच्या फोल्डरमध्ये किंवा नावातल्या टिंबानंतर टीटीएफ अशी शेपटी असलेल्या फाइलींत तो सापडेल. नाही सापडला तर दुकान बंद झालेल्या त्या माणसालाच गाठा. दुकान गेलं तरी जुना संगणक घरी माळ्यावर असतो. तो भेटला तर नुसता फाँट मागून परत येऊ नका. कोणत्या वर्षी काय वापरायचो, मजकूर वर्डमध्ये टंकायचो की थेट पेजमेकरमध्ये, हेही विचारून घ्या. त्या पिढीच्या डीटीपीवाल्यांच्या डोक्यात जी माहिती आहे ती कुठेही लिहिलेली नाही आणि तिला आणखी फार वर्षं मिळणार नाहीत. अनोळखी ठिकाणांहून फुकटचे फाँट उतरवू नका. बरेचसे फाँट विकत घ्यायचे असतात, आणि फुकटच्या पुडीत व्हायरस निघायची भीतीही खरी आहे.

फाँट बसवला की मजकूर पूर्वीसारखा दिसू लागेल. त्याच क्षणी त्याची पीडीएफ काढून ठेवा. पण काम तिथे संपलं असं मानू नका. ती पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, आतून मात्र अजूनही रोमन क्रमांकच असतात. तिच्यात तुम्ही एखाद्या कार्यकर्त्याचं नाव शोधलंत तर संगणक 'सापडलं नाही' असं सांगेल. नाव शोधता यावं, मजकूर फोनवर वाचता यावा, पुढच्या स्मरणिकेत वापरता यावा, असं वाटत असेल तर तो युनिकोड या सगळ्या लिपींच्या समान मानकात आणायलाच हवा. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची आणि तिच्यात देवनागरीला १२८ स्वतंत्र जागा आहेत. विंडोज २०००पासून 'मंगल' फाँटसह देवनागरी विंडोजमध्येच मिळू लागली. २००९च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हेच मानक ठरवलं. तरी छपाईच्या जगात जुने फाँट पुढेही वर्षानुवर्षं चालले, कारण सुंदर वळणं त्यांच्यात होती आणि छापलेलं पान वाचता आलं की सगळ्यांचं काम होत होतं. हे मला कळतं. पण मानक असताना ते वापरायला कुणालाच भाग पाडलं गेलं नाही, त्यामुळे महाराष्ट्रातल्या किती संस्थांचं दहा-पंधरा वर्षांचं लेखन असं कुलूपबंद होऊन बसलं आहे, याची मनापासून हळहळ वाटते.

युनिकोडमध्ये नेण्यासाठी परिवर्तकं मिळतात. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत ती सोय आहे. 'वैज्ञानिक तथा तकनीकी हिंदी' या स्वयंसेवकांच्या गटाने वेगवेगळ्या जुन्या फाँटसाठी एका पानाची परिवर्तकं लिहून मोफत दिली आहेत. ती उतरवून घेतली की इंटरनेट नसतानाही ब्राउझरमध्ये चालतात. एका चौकटीत काला चिकटवायचा, दुसरीतून मराठी घ्यायची. एकच पथ्य : ज्या फाँटचा मजकूर, त्याच फाँटचं परिवर्तक.

परिवर्तकाला क्रमांक बदलण्यापेक्षा अवघड काम वेगळंच असतं. जुन्या फाँटमध्ये तुकडे जसे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने पडलेले असतात. 'दिवस'मधली वेलांटी आधी, मग द. युनिकोडमध्ये आपण उच्चारतो तो क्रम लागतो : आधी द, मग वेलांटी. रफाराचं याच्या उलट. 'धर्म' लिहिताना जुन्या फाँटमध्ये रफार म नंतर पडायचा. युनिकोडमध्ये र म च्या आधी यायला हवा. या उलटापालटीत जोडाक्षरं आली की परिवर्तकं चुकतात, म्हणून बदललेला मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. त्यातही हिंदीसाठी लिहिलेलं परिवर्तक असेल तर मराठीतला अर्धा 'ऱ' खास तपासा. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'करणाऱ्या' अशा ठिकाणी तो हमखास रफार होऊन बसतो. महाप्रसादाच्या खर्चात 'आचाऱ्यांना मानधन' असेल आणि बदलल्यावर ते 'आचार्यांना मानधन' झालं, तर हिशेब वाचणारा बुचकळ्यात पडेल. 'ॲ'कडेही बघा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्यामुळे जुन्या परिवर्तकांतून 'ॲड.' किंवा 'ॲम्ब्युलन्स' वाकडंतिकडं बाहेर पडतं.

ज्या फाइल उघडतच नाहीत, त्यांची शेपटी पाहा. पी६५ किंवा पीएमडी असेल तर ती पेजमेकरची फाइल, ती वर्डमध्ये कधीच उघडणार नाही. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ची. त्यानंतर ॲडोबीने इनडिझाइनकडे लक्ष वळवलं. इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७च्या फाइल उघडतात, त्यापुढच्या उघडत नाहीत. ज्या छपाईवाल्याकडे अजून सीएस६ आहे असा एखादा दादर-परळमध्ये भेटणं अवघड नाही. नाहीतर मोफत मिळणारं लिबरऑफिस : त्याच्या २०१५च्या ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फाइल उघडायची सोय आहे. पानाची मांडणी थोडी विस्कटते, पण मजकूर हाती लागतो, आणि तुम्हाला तोच हवा आहे. फाँटचं कोडं मात्र इथेही तसंच सोडवावं लागेल.

फ्लॉपींसाठी यूएसबीवर चालणारा फ्लॉपी ड्राइव्ह लागेल. त्याची चौकशी लॅमिंग्टन रोडला करा. फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून आतली काळी चकती आधी बघून घ्या. मुंबईच्या दमट हवेत तिच्यावर पांढरी बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली तर ती स्वतः वाचली जात नाहीच, शिवाय ड्राइव्हचं डोकं खराब करून पुढच्या चांगल्या फ्लॉपींचंही नुकसान करते. स्वच्छ दिसतील त्या आधी उतरवा, बुरशीच्या शेवटी, जाणकाराच्या हातून.

आणि जिथे फाइल काही केल्या हाती लागत नाही, पण छापील प्रत आहे, तिथे फाइलचा नाद सोडा. पानं सरळ उजेडात स्वच्छ स्कॅन करा, चित्र गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्सने उघडा. चित्रातली मराठी ओळखून ते मजकूर काढून देतं. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं. चुका निघतील, पण टंकण्यापेक्षा तपासणं केव्हाही कमी कष्टाचं. ज्या वर्षांच्या ना फाइल ना प्रती, त्यांच्यासाठी जुन्या पदाधिकाऱ्यांच्या घरी विचारा आणि दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातही चौकशी करून पाहा. १८९८पासूनची ती संस्था आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगतो. सगळं एकदम होणार नाही, तेव्हा कशाने सुरुवात करायची हे आधी ठरवा. मी असतो तर अध्यक्षांच्या मनोगतांआधी जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी आणि जाहिरातींची पानं घेतली असती. तुमच्या भागात चिंतामणीचा उत्सव १९२०पासून, गणेश गल्लीचा १९२८पासून, लालबागच्या राजाचा १९३४पासून. या मंडळांना वर्गणी देणारी माणसं गिरण्यांत काम करायची. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपानंतर ते सगळं पालटलं. तुमच्या १९९६च्या स्मरणिकेत कोणत्या खानावळीने, कोणत्या भांड्यांच्या दुकानाने, कोणत्या पतपेढीने जाहिरात दिली होती, हे त्या भागाच्या इतिहासाचं साधन आहे. संस्थेचे ठराव आणि हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरी कुठेतरी सापडतील. 'अमुक भोजनालय, भारतमाता सिनेमासमोर' ही ओळ दुसरीकडे कुठेही सापडणार नाही. जाहिराती बऱ्याचदा चित्र म्हणून डकवलेल्या असत, त्यामुळे परिवर्तक त्यांना स्पर्शही करत नाही. त्या हाताने टंकाव्या लागतील. टंका.

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांकडून मोबाइलवर फॉर्म भरून घेतले. त्याची सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये उघडली तर सगळी मराठी नावं विचित्र खुणांची झाली. हाही फाँटचाच घोळ का? – एक सचिव, दादर

उत्तर : दिसायला सारखा, पण प्रकार अगदी वेगळा आहे. तुमची फाइल युनिकोडमध्येच आहे. एक्सेल ती चुकीच्या पद्धतीने वाचतं आहे.

युनिकोडची मराठी फाइलमध्ये साठवताना बहुधा 'यूटीएफ-८' नावाची पद्धत वापरतात आणि तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. 'दादर' या शब्दात द, काना, द, र अशा चार खुणा, म्हणजे बारा बाइट. सीएसव्ही ही साधी मजकुराची फाइल. आपण कोणत्या पद्धतीने लिहिले गेलो आहोत हे ती बहुधा सांगत नाही. दुहेरी क्लिक केलं की एक्सेल जुन्या पद्धतीने एक बाइट म्हणजे एक अक्षर असं धरून चालतं आणि 'दादर'ची बारा युरोपी अक्षरं होतात. हा प्रकार ओळखायची खूण पक्की आहे : डोक्यावर तिरकी रेघ असलेला छोटा रोमन 'ए' आणि त्याला चिकटून चार कोपऱ्यांना काड्या फुटलेलं वर्तुळ किंवा जपानी येनची खूण, ही जोडी पुन्हा पुन्हा दिसते. ती दिसली की निर्धास्त व्हा. मजकूर शाबूत आहे.

ती फाइल सेव्ह न करता बंद करा. कोरं एक्सेल उघडा, वरच्या 'डेटा'मध्ये जा, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा, फाइल दाखवा आणि 'फाइल ओरिजिन' या चौकटीत '६५००१ : युनिकोड (यूटीएफ-८)' निवडा. नावं लगेच मराठीत येतील. याच वाटेने आणखी एक घोटाळा टळतो. खोली क्रमांक '३-४' असा लिहिला असेल तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतं आणि फोन नंबरच्या सुरुवातीचं शून्य गिळतं. आयात करतानाच ते रकाने 'टेक्स्ट' म्हणून ठरवून घ्या.

काम झाल्यावर एक्सेलच्या नेहमीच्या रूपातच फाइल ठेवलेली बरी. सीएसव्हीच हवी असेल तर यादीतून 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा. तिच्या शेजारीच असलेली साधी सीएसव्ही निवडलीत तर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह पडतं. काल्यातून मजकूर परत काढता येतो, प्रश्नचिन्हांतून काढता येत नाही. मूळ अक्षर तिथे उरलेलंच नसतं. नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत असतील तर मात्र घाबरू नका, तिथे युनिकोडचा एखादा फाँट बसवला की भागतं. मुंबईच्याच एकटाइपने बनवलेला 'मुक्ता' मोफत मिळतो आणि वाचायला फार चांगला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माजी विद्यार्थी शाळेच्या अंकासाठी लेख पाठवतात. काहींच्या फाइल 'डॉक' असतात, काहींच्या 'डॉकएक्स'. काही उघडताना पिवळी पट्टी येते. एक लेख तर 'फाइल खराब आहे' म्हणून उघडलाच नाही. फाइल उघडताना संगणक नेमकं काय करतो? – एक वाचक, गिरगाव

उत्तर : बाई, सगळ्यात आधी तो शेपटी बघतो आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरच्या हवाली करायची ते ठरवतो. इथवर त्याने आत डोकावलेलं नसतं. म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने नाव बदलताना चुकून शेपटी उडवली की तो 'कशाने उघडू?' असं विचारतो. मग सॉफ्टवेअर फाइलचे पहिले काही बाइट वाचतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची तिथे ठरलेली खूण असते. डॉक या जुन्या प्रकाराची सुरुवात डी, शून्य, सी, एफ, एक, एक, ई, शून्य अशी होते. करणाऱ्यांनी आकड्यांतच 'डॉकफाइल' लिहून ठेवलं आहे. डॉकएक्स सुरू होते 'पी' आणि 'के' या अक्षरांनी, कारण ती खरं तर झिप फाइल आहे आणि झिपचा निर्माता फिल कॅट्झ याची ती आद्याक्षरं.

डॉकएक्स हा प्रकार वर्ड २००७पासून आला. तिच्या पोटात मजकुराची एक फाइल असते, फाँटच्या नावांची एक, आणि चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये. तुमच्या न उघडणाऱ्या लेखावर हेच औषध म्हणून वापरता येतं. आधी प्रत करा, प्रतीच्या नावातली डॉकएक्स ही शेपटी काढून झिप लिहा आणि ती उघडा. 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'मीडिया' हे फोल्डर आहे. विद्यार्थ्याने लावलेले फोटो त्यात अखंड सापडतात. त्याच्याशेजारच्या 'डॉक्युमेंट' नावाच्या फाइलमध्ये लेख आहे, खुणांच्या गर्दीत पण वाचण्याजोगा. इतकं करायच्या आधी वर्डचा आपला उपाय मात्र करून पाहा : 'ओपन'च्या चौकटीत फाइल निवडून बटणाशेजारच्या बाणातून 'ओपन अँड रिपेअर' घ्या. तेही नाही जमलं तर लिबरऑफिसने उघडून पाहा. वर्डने नाकारलेली फाइल ते पुष्कळदा उघडतं. आणि झिपही उघडली नाही तर फाइल अर्धवटच पोचली असणार. विद्यार्थ्याला पुन्हा पाठवायला सांगा.

जुन्या डॉकचा असा पोटभाग उघडून दाखवता येत नाही. फार जुनी, म्हणजे वर्ड ९५ किंवा त्याआधीची असेल, तर नवं वर्ड ती उघडायला मुद्दाम नकार देतं, कारण त्या प्रकारातल्या फटींमधून व्हायरस शिरत. ती बंदी सेटिंगमधून उठवता येते, पण त्यापेक्षा तीही लिबरऑफिसमध्ये उघडून डॉकएक्स करून घेणं बरं.

राहिली पिवळी पट्टी. ती दोन प्रकारची असते आणि दोन्हींत फार अंतर आहे. 'प्रोटेक्टेड व्ह्यू' अशी पट्टी ऑफिस २०१०पासून आली. ईमेलने आलेली फाइल आधी नुसती वाचायला दिली आहे, एवढाच तिचा अर्थ. लेख वाचा, ओळखीचा असेल आणि सुधारायचा असेल तर 'एनेबल एडिटिंग' दाबा. दुसरी पट्टी 'मॅक्रो'बद्दल बोलते आणि 'एनेबल कंटेंट' दाबायला सांगते. मॅक्रो म्हणजे फाइलमध्ये दडवलेला प्रोग्राम. तो चालवायला परवानगी मागणारी फाइल शाळेच्या अंकासाठी कुणी पाठवायचं कारणच नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२पासून इंटरनेटवरून आलेले मॅक्रो आपणहून अडवायला सुरुवात केली आहे, पण जुन्या ऑफिसमध्ये अजून ते बटण समोर येतं. तिथे काहीही दाबू नका. फाइल बंद करा आणि त्या विद्यार्थ्याला फोन करा. बहुधा त्याच्या संगणकात काहीतरी शिरलं आहे आणि त्याला ते अजून माहीत नाही.